खिल्लारे मॅडम आणि पत्र्यावरचे दगड

खिल्लारे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी वर बघायच्या. घरची बाई "या मॅडम, बसा" म्हणत सतरंजी अंथरायची आणि मॅडम उंबऱ्यातच मान वर करून उभ्या. आढं बघायच्या, फळीवर एकावर एक रचलेले पितळी हंडे बघायच्या, आणि म्हणायच्या, "ते हंडे खाली घ्या, मग बसते." बाईला कळायचं नाही, आधण ठेवावं की हंडे उतरवावेत. शाळेत न येणाऱ्या पोरांची चौकशी करायला आम्ही दोघं शिक्षक गावात फिरायचो, तेव्हा हे घरोघर चालायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मला त्यांचा फार राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. आता त्यांचा येत नाही. ज्यांचा येतो ते सगळे अजून त्याच गावात राहतात, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. कुरुंद्याच्या बाजूचं, हळदीचं गाव आहे, एवढं पुरे.

त्या भागातली जमीन गुरगुरते. लांबच्या पुलावरून भरलेला ट्रक जावा तसा आवाज पायाखालून येतो, भांडी किणकिणतात आणि सगळं शांत होतं. कधी वर्षात एकदाच, कधी आठवड्यात दोनदा. नवीन माणूस घाबरून रस्त्यावर येतो. गावातलं माणूस हातातला घास तोंडात घालतं. मॅडम बदलून आमच्या शाळेत आल्या त्याच आठवड्यात त्या तिसरीच्या वर्गात पाढे घेत असताना जमीन गुरगुरली. फळ्यावरचा डस्टर खाली पडला. एकाही पोरानं मान वर केली नाही. सगळे आपले सात एके सात, सात दुणे चौदा.

मॅडम वर्गाबाहेर आल्या त्या थरथरत. आम्हाला वाटलं, घाबरल्या. घाबरल्या नव्हत्या, चिडल्या होत्या.

"लेकरं हालली न्हाईत हो सर! एक लेकरू हाललं न्हाई!"

आमचे हेडमास्तर शांत माणूस. ते म्हणाले, "सवय आहे त्यांना, मॅडम."

"सवय झाली म्हणून तर मरतेत माणसं," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्या शाळेची शांतता संपली.

उंच, हाडाच्या, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचं पोर नाकातलं बोट काढायचं. मूळच्या कळमनुरीकडच्या, राहायला वसमतला. घरी सासूबाईंशीही त्यांचं याच गोष्टीवरून वाजायचं. बुद्धाची संगमरवरी मूर्ती त्यांनी उंच कोनाड्यातून काढून खाली चौरंगावर ठेवली होती, कारण कोनाड्याखाली मुलगी झोपायची. सासूबाई म्हणायच्या, "मूर्ती अशी खाली ठेवतेत व्हय?" मॅडम म्हणायच्या, "वर ठेवली तर पोरीच्या डोक्यात पडंल. मंग कुणाला हात जोडायचे?" हे त्या स्वतःच आम्हाला मधल्या सुट्टीत सांगायच्या, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटायचं नाही.

गावात एक समजूत पसरली की मॅडमच्या माहेरचं कुणीतरी भूकंपात गेलेलं असणार, त्याशिवाय बाई एवढी का पेटेल? एका म्हातारीनं तर हळहळून विचारलंही, "कोण गेलं वं बाई तुझं?" मॅडम म्हणाल्या, "कुणी न्हाई." म्हातारीचा विश्वास बसेना. मॅडमनी कपाळाला हात लावला. "काहून कुणी मरायला पायजे, आजी? आधीच बोललेलं चालत न्हाई का?" म्हातारी निराश होऊन निघून गेली. मला वाटतं मॅडमच्या घरचं कुणीतरी गेलं असतं तर गावानं त्यांचं जरा जास्त ऐकलं असतं. इतकं चिडायला लावणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.

तालुक्याला एक प्रशिक्षण झालं. आपत्तीत मुलांना कसं वाचवायचं याचं. मी आणि मॅडम गेलो. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातल्या शाळेचा व्हिडिओ लावला. घंटा वाजते, गोरी गोरी पोरं शिस्तीत टेबलाखाली शिरतात. मॅडमनी हात वर केला. "सर, आमच्या शाळेत टेबल एकच हाय. हेडमास्तरांचं. लेकरं खाली पट्टीवर बसतेत. त्याहीनं काय करावं?" साहेब म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी जेवण होतं.

मग त्यांनी स्वतःच सराव बसवला. पहिल्या दिवशी शाळेची घंटा बडवली. पोरांना वाटलं, शाळा सुटली. दप्तरं उचलून सगळी थेट घरी. मॅडम मैदानात उभ्या, पाठमोऱ्या पोरांना हाका मारतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटेऐवजी ताट वाजवलं. पोरं आपापल्या ताटल्या घेऊन खिचडीच्या रांगेत उभी राहिली, म्हणजे बरोबर स्वयंपाकखोलीच्या पत्र्याखाली. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी काहीच वाजवलं नाही. नुसतं त्या आवाजात ओरडल्या, "आभाळ!" दप्तर डोक्यावर धरायचं, आणि जिथं डोक्यावर आभाळाशिवाय काहीच नाही तिथं जाऊन बसायचं. झाड नको, भिंत नको, तार नको. पोरांना ते आवडलं. मधल्या सुट्टीत एकमेकांच्या अंगावर ओरडायला लागली. महिनाभरात अशी तयार झाली की वर्ग रिकामा व्हायला पाढ्याची एक ओळही लागेना. हे मात्र कबूल केलं पाहिजे, पोरांनी त्यांचं ऐकलं. पोरं शाळा सुटल्यावर ज्या घरांत जायची, तिथं मॅडमची हार झाली.

आमच्याकडं घरं पत्र्याची. वावधान सुटलं की पत्रे उडतात, म्हणून लोक पत्र्यांवर दगड ठेवतात. ओळीनं, कडेकडेला, नारळाएवढे, काही तर पाट्यावरवंट्याएवढे. वाऱ्याला हा उपाय बरोबर आहे. पण जमीन हादरली की माणूस दाराबाहेर पळतं, आणि त्याच वेळी दारावरचे दगड घरंगळून खाली येतात. मॅडमचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हादरा मारत न्हाई. वरून पडलेलं मारतंय." हे वाक्य गावातल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ झालं असेल. पत्र्यांना लोखंडी हुक मारून ते खालच्या अँगलला कसायचे, म्हणजे दगड लागत नाहीत, हे त्या दारोदार सांगत फिरल्या. लोक म्हणायचे, "व्हय मॅडम, बराबर हाय." आमच्या गावात "बराबर हाय" म्हटलं की समजावं, आता काही होत नाही.

तरी एका उन्हाळ्यात त्यांनी एक आळी पटवली. त्यात मारोतराव होते. साठीच्या पुढचे, स्वभावानं तिखट, दारात एक म्हैस. मुलगा-सून पुण्याला कंपनीत, आणि नात कोमल आजी-आजोबांजवळ. ती मॅडमच्या वर्गात. कोमलनं हट्ट धरला म्हणून मारोतरावांनी दगड उतरवले. हुक उद्या मारतो म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही, आणि त्याआधी वैशाखातलं वावधान आलं. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली, ती भिजली. मारोतरावांचे दोन पत्रे उडाले, त्यातला एक म्हशीच्या मागच्या पायावर बसला.

दुसऱ्या दिवशी मारोतराव तो वाकलेला पत्रा डोक्यावर घेऊन शाळेत आले आणि हेडमास्तरांच्या खोलीसमोर आपटला. "हे घ्या तुमचं आभाळ. म्हैस लंगडी झाली माझी."

मॅडम म्हणाल्या, "हुक मारले व्हते का तुमी?"

"उद्या मारणार व्हतो."

"मंग दगड काहून काढले?"

"तुमीच काढा म्हणलं न्हाई का!"

मॅडमनी वाकून तो पत्रा उचलून भिंतीला लावला. संध्याकाळी बसथांब्यावर मला म्हणाल्या, "माझंच उलटं झालं, सर. आधी हुक, मग दगड. मी आधी दगड बोलले." चूक कळल्यावर माणूस थोडं नमतं घेतं. या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून "आधी हुक" म्हणत पुन्हा दारोदार. पण आता दारं उघडत नव्हती. आळीतल्या सगळ्यांनी दगड परत चढवले, आणि पहिल्यापेक्षा मोठे. मारोतरावांनी तर विहिरीच्या कडेचे आणून ठेवले.

मॅडमनी तालुक्याला अर्ज केले. एक साहेब आले. जीपमधून पत्रकांचे गठ्ठे उतरवले, पोरांच्या हातात एकेक देऊन फोटो काढला, पिठलं-भाकरी खाल्ली आणि गेले. पत्रकावर स्पष्ट छापलं होतं, छतावरील जड वस्तू काढून टाका. उरलेले गठ्ठे ग्रामपंचायतीत ठेवले. ग्रामपंचायतीच्या ओसरीच्या पत्र्यावर दगड होते. मॅडमनी ते बोट दाखवून सरपंचांना दाखवले. सरपंच म्हणाले, "ठराव घेतला हाय आपण." ठराव घेतला होता, हे खरं आहे.

आता सांगतो ते मला आजही पटत नाही, पण मला दुसरा मार्गही सुचलेला नाही. मॅडमना मारोतरावांचं घर झोपू देईना. सगळ्या गावात तिथंच दगड सर्वांत मोठे, आणि घराला दार एकच, बरोबर त्या दगडांखाली. त्या मारोतरावांकडं गेल्या, म्हणाल्या, "सगळे नका काढू. दारावरचे तेवढे काढा." मारोतरावांनी म्हशीच्या पायाकडं बोट दाखवलं. मग मॅडमनी ते केलं जे कुठल्याही पत्रकात नव्हतं. त्यांनी कोमलला एकटीला वेगळं शिकवलं. घरात लोखंडी पलंग होता, भिंती विटांच्या, धड होत्या. "बाकीची लेकरं बाहेर पळतील. तू घरी असली तर पळायचं न्हाई. पलंगाखाली शिरायचं, त्याचा पाय धरायचा, आणि हादरा थांबून मी किंवा आजी ये म्हणेपर्यंत यायचं न्हाई." पोर हुशार. तिनं विचारलं, "सगळे आभाळाखाली, आन् मी एकटीच पलंगाखाली?" मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. इतकी हताश नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती. मोठी माणसं चार दगड हलवत नाहीत, म्हणून आठ वर्षांच्या पोरीला शिकवलेलं विसरायला शिकवायचं.

नंतर त्या मारोतरावांच्या अंगणात जाऊन त्यांनाही सांगून आल्या, की हादरा आला तर कोमल आत राहील, तुम्ही आत जाऊ नका. मी बरोबर होतो. मारोतराव धार काढत होते. त्यांनी मान हलवली.

हादरा सकाळी आला. शाळा भरायची होती. यावेळी नुसतं गुरगुरणं नव्हतं, जमीन सुपातल्या दाण्यांसारखी माणसं उडवत होती. गाव रस्त्यावर आलं. आजी पाण्याला गेलेली. मारोतराव अंगणातच होते, म्हशीपाशी, डोक्यावर मोकळं आभाळ. त्यांना खरचटलंसुद्धा नसतं. पण कोमल बाहेर आली नाही. त्यांनी हाक मारली, तर आतून आवाज आला, "मी येत न्हाई!" म्हाताऱ्याचं काळीज फाटलं. पोरगी अडकली असं समजून ते दाराकडं धावले. उंबऱ्यावर पाय पडला आणि वरून दगड आले. एक खांद्यावर बसला. कोमल पलंगाखाली त्याचा पाय धरून बसली होती, तिच्या अंगावर धूळसुद्धा नव्हती.

वसमतच्या दवाखान्यात मॅडम त्यांना भेटायला गेल्या. मी मागं उभा होतो. मारोतरावांचा खांदा प्लास्टरमध्ये. ते छताकडं बघत म्हणाले, "तुमच्यामुळं झालं हे. लेकराला आत थांबायला शिकवलं, म्हणून मी गेलो."

"मी तुमाला सांगितलं व्हतं, आबा. अंगणात येऊन सांगितलं व्हतं."

"सांगितलं व्हतं. मी मानबी हालवली व्हती." म्हातारा थांबला. "जमीन हालू राहिली, लेकरू आत. तव्हा हालवलेली मान याद राहते का, मॅडम?"

  पिशवीतली मोसंबी टेबलावर ठेवताना मॅडमचा हात त्या प्लास्टरला पुसटसा लागला. बाहेर आल्यावर भांडल्या मात्र माझ्याशी, कारण तिथं मीच होतो. "लेकरांचा सराव केला, सर. लेकरांमागं धावणाऱ्यांचा कुणी करावा? आईबापाचा, म्हाताऱ्यांचा?" पुढच्या शनिवारी त्यांनी मोठ्यांचा सराव ठेवला. दवंडी दिली. काही बाया आल्या, त्याही पदर तोंडाला लावून हसत. पुरुष समोर पारावर बसून बघत राहिले. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण हसतो, पण तो निदान खणतो तरी. आमचं गाव तहान लागल्यावर ओरडतं आणि पाऊस आला की गप्प बसतं.

त्या हादऱ्यानंतर गावानं आपण होऊन सगळे दगड उतरवले होते. लोक अंगणात झोपत होते. मॅडम हुकांचं बोलायला गेल्या तर म्हणाले, "आता दगडच न्हाईत ना मॅडम, मंग काय तकलीफ?" वाऱ्याचे दिवस आले आणि ये रे माझ्या मागल्या. हुक कुणी मारले नव्हते, तेव्हा दगड परत चढले. मारोतरावांचा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यांनी दुसऱ्याकडून चढवून घेतले. फक्त दारावरची जागा मोकळी ठेवली. मी मॅडमना म्हटलं, "काहीतरी ऐकलं की." मॅडम म्हणाल्या, "अर्धं ऐकलंय. अर्ध्यानं अर्धंच माणूस वाचतंय." मला पुन्हा त्यांचा राग आला. इतक्या दिवसांनी इतकं मिळालं, तर घ्यावं ना माणसानं पदरात.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. ऊन होतं, म्हणून गावकऱ्यांनी मैदानात बांबू रोवून, दोऱ्यांनी आवळून वर पत्रे टाकले होते. प्रेमानं केलं होतं. पहाटेपासून राबत होते बिचारे. आणि वाऱ्यानं पत्रे हलू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवले होते.

मॅडम मांडवात शिरल्या, वर बघितलं, आणि सत्काराची खुर्ची उचलून सरळ मैदानाच्या मधोमध उन्हात नेऊन ठेवली. लोक हसले. हेडमास्तर कसनुसं हसत माइकवर म्हणाले, "आपल्या मॅडमनी आपत्ती व्यवस्थापनाचं फार मोठं कार्य केलं आहे." टाळ्या पडल्या. पोरं चुळबुळ करू लागली, तर पालकांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, बाहेर ऊन आहे म्हणून. तेवढ्यात कोमल उठली. मारोतरावांचा धड हात तिनं ओढला. "चल आबा." म्हातारा म्हणाला, "बस गप, आता काय हादरा येऊन राहिला का?" पोर ओढतच राहिली. शेवटी ते शिव्या देत उठले, डोक्यावर टॉवेल घेतला आणि मॅडमच्या खुर्चीजवळ जमिनीवर जाऊन बसले. सबंध गावातून दोन माणसं.

मी शाल-श्रीफळ घेऊन उन्हात गेलो. मला वाटलं, मॅडमचे डोळे भरून आले असतील. त्या मांडवाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "दोनच आले, सर."

कार्यक्रम संपला. त्यांना वसमतला सोडायला जीप आली. हार, शाल, रोपाची कुंडी मागं ठेवली, पोरं पाया पडली, कोमल रडली. मॅडम पायरीवर एक पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि चढेचनात. तिकडं पोरसवदा मंडळी मांडव सोडत होती. एकजण बांबूची दोरी सोडायला वाकलेला, आणि त्याच्याच डोक्यावर तो पत्रा. मॅडम त्या आवाजात ओरडल्या, "आधी दगड उतरवा! मंग दोरी सोडा!"

"व्हय मॅडम, बराबर हाय," तो म्हणाला, आणि जीप वळेपर्यंत हात हलवत राहिला.

जीप वळली. त्यानं दोरी सोडली. पत्रा तिरका झाला आणि दगड त्याच्या कानाजवळून येऊन जमिनीत रुतला.  मग कुणीतरी खदखदून हसलं, तोही हसला, आणि सगळे मिळून दुसऱ्या टोकाची दोरी सोडायला गेले.